आभाळातले गायरान

जुनी खेडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना गायरान म्हणजे काय हे सांगावयास नको. गावठाण संपले, पाणंद ओलांडली, की एक मोकळा माळ लागे. त्याच्या उताऱ्यावर कोणा एका खातेदाराचे नाव नसे. पाटलाची म्हैस आणि एखाद्या गरीब म्हातारीची शेळी तेथे शेजारी शेजारी चरत. पोरे विटीदांडू खेळत, धनगर मेंढरे बसवीत, जत्रेच्या दिवसांत गाड्या सुटत. असे गायरान एका दिवसात जात नाही. आधी त्यावर येणारी जनावरे कमी होतात. मग कागदोपत्री त्या जमिनीला ‘पडीक’ म्हणू लागतात. आणि जमीन एकदा पडीक ठरली की तिला मागणारा भेटतोच.

हे आज लिहिण्याचे कारण मात्र जमिनीचे नाही, आभाळाचे आहे. आभाळातही गायराने आहेत. ती राखावी म्हणून काही माणसे दर वर्षी श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास यंत्रे बरोबर घेऊन डोंगरमाथ्यांवर आणि पाण्याच्या काठांवर जाऊन बसतात. त्यांच्यात मी दोन दिवस काढून आलो, आणि तेव्हापासून आमच्या हिंडलग्याच्या पश्चिमेस दिसणाऱ्या डोंगरांकडे मी निराळ्याच नजरेने पाहू लागलो आहे.

हिंडलगा म्हटले की बाहेरच्या मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात : तुरुंग आणि हुतात्म्यांचे स्मारक. बेळगावाहून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव. ह्याच रस्त्याने पुढे गेले की शिनोळीला महाराष्ट्राची हद्द लागते. माझी सारी नोकरी तारखात्यात गेली. सरकारने २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद केली, त्याच्या पुष्कळ आधी मी निवृत्त झालो होतो. पण कानातले कडकट्ट काही निवृत्त झाले नाही. माझा भाचा अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठाजवळ स्थायिक झाला आहे. त्याला हौशी बिनतारीचा नाद आहे. अशा लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. त्यांना सरकारची परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो, आणि प्रत्येकाला एक सांकेतिक नाव मिळते. आपल्या देशातल्या हॅमांचे नाव बहुधा ‘व्ही. यू.’ ह्या अक्षरांनी सुरू होते. ह्या बोलण्यातून पैसा मिळवायचा नाही, ही सर्वत्र पहिली अट. नाद म्हणतात तो असा.

भाच्याकडे गेलो तो ऑगस्टचा महिना होता. एके दिवशी तो म्हणाला, “मामा, शनिवारी पहाटे उठाल का? स्पर्धा आहे. तुम्हाला तुमचे जुने दिवस आठवतील.”

ही स्पर्धा ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ह्या १९१४ साली स्थापन झालेल्या संस्थेची. दहा गिगाहर्ट्झ आणि त्याहून वरच्या लहरींवरच बोलायचे, असा तिचा नेम आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर ह्या महिन्यांतल्या एकेका शनिवार-रविवारी ती होते. गुणांचा हिशेब मोठा मौजेचा आहे. ज्याच्याशी संवाद झाला तो जितके किलोमीटर दूर, तितके गुण. आणि प्रत्येक नव्या माणसाच्या ओळखीबद्दल वर शंभर. एकाच ठिकाणी बसून त्याच माणसाशी पुन्हा बोलले तर काही मिळत नाही. पण किमान सोळा किलोमीटर दूर जाऊन नवे ठाणे मांडले तर अंतराचे गुण पुन्हा मिळतात. म्हणून ही मंडळी घरात बसत नाहीत. सकाळी एका टेकाडावर, दुपारी दुसऱ्या, अशी बिऱ्हाडे हलवीत हिंडतात.

दहा गिगाहर्ट्झची लहर म्हणजे किती? जेमतेम तीन सेंटीमीटर, आपल्या बोटाच्या पेराएवढी. आकाशवाणीच्या मध्यमलहरी शेकडो मीटर लांबीच्या. त्या जमिनीला बिलगून डोंगराला वळसा घालून जातात. ही पेराएवढी लहर प्रकाशासारखी सरळ चालते. वाटेत झाडी आली की अडते, घर आले की अडते, तोंडापुढे माणूस उभा राहिला तरी अडते. तिच्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक आपल्याच देशात झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलात अशाच सूक्ष्मलहरींनी दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. त्यांच्या लहरी तर काही मिलिमीटरांपर्यंत आखूड होत्या. आजच्या सूक्ष्मलहरींच्या यंत्रांत भोंग्याच्या आकाराचे जे तोंड असते, तसे त्यांनी त्या वेळी करून वापरले होते. एका तारकंपनीच्या मालकाने पेटंट घेण्याविषयी गळ घातली, ती त्यांनी मानली नाही. पुढे स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०४ साली एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे झाले, एवढेच. ज्ञानाला कुंपण घालणे त्यांना आवडत नसे.

असो. शनिवारी सहाच्या ठोक्याला आम्ही सरोवराच्या काठी एका सार्वजनिक बागेत होतो. भाच्याने तिकाटण्यावर एक तबकडी चढविली. ती पाहून मला हसू आले, कारण आमच्या गावात घरोघरी गच्चीवर टीव्हीसाठी लावलेली असते तीच ही तबकडी, साठ सेंटीमीटर व्यासाची. तिच्या तोंडाशी तळहाताएवढी एक डबी, खाली मोटारीची बॅटरी, आणि प्रक्षेपणाची शक्ती किती म्हणाल तर तीन वॉट. देवघरातल्या रात्रीच्या दिव्याइतकी.

पण एवढ्याशा शक्तीला ती तबकडी एका झोतात गोळा करते. तो झोत इतका अरुंद असतो, की हात लांब करून डोळ्यासमोर दोन बोटे धरावीत, तेवढाच आभाळाचा तुकडा तो झाकतो. तोंड जरा इकडे-तिकडे झाले की समोरचा माणूस गेलाच. त्याखेरीज लहरीची नेमकी जागाही सापडावी लागते. एक कोटी किलोहर्ट्झांत आपल्याला हवी ती दोन-तीन किलोहर्ट्झांची फट. बेळगाव ते मुंबई हे अंतर मोजावे आणि चूक वीतभरसुद्धा होऊ नये, असा हा मामला आहे. पूर्वीच्या हॅमांचे अर्धे आयुष्य ही फट शोधण्यात जाई. आता जी. पी. एस.च्या उपग्रहांकडून काळाचे माप घेऊन यंत्र ताळ्यावर ठेवतात. दिशा मात्र अजून माणसानेच साधायची. भाच्याने होकायंत्र ठेवले, नकाशा उलगडला, मग तबकडी उगवत्या सूर्याकडे वळवून त्याची खरखर ऐकली आणि तिचे तोंड नीट लागले आहे ना हे ताडून पाहिले. सूर्यालाही आवाज असतो, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

समोर पाणी आणि पाण्याच्या पलीकडे, सुमारे १३० किलोमीटरांवर, मिशिगन राज्याचा किनारा. आता सरळ चालणारी लहर तेथे जाणार कशी? पृथ्वीच्या गोलाईमुळे मधल्या पाण्याची फुगवट तीनशे मीटरांहून अधिक भरते. पण उन्हाळ्यातल्या सकाळी सरोवराचे पाणी गार असते आणि त्यावर ऊन हवेचा थर पसरतो. दोन थरांच्या सांध्यावर लहर वाकते, आणि नळातून पाणी जावे तशी त्या थरातून दूरवर जाते. ही वाट रोज नसते, दिवसभर नसते. हवेची मर्जी असेल तोवर ती उघडी.

सव्वासात वाजले असतील. खरखरीच्या आत एक बारीक शीळ येऊ-जाऊ लागली. भाचा कान देऊन ऐकत होता, पण अक्षरे त्याच्या हाती लागत नव्हती. आमच्या खात्यात साउंडरची टकटक असे, येथे शीळ होती. तरी डॅश तो डॅश आणि डॉट तो डॉट. मी त्याच्या वहीत एकेक अक्षर लिहीत गेलो. सांकेतिक नाव पुरे झाले तेव्हा तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याने उत्तर दिले, पलीकडून आमचे अक्षर परत आले, आणि १३० अधिक १०० असे २३० गुण वहीत पडले. निवृत्त तारमास्तरची अशी बढती क्वचितच होत असेल!

धावायला आलेले एक गृहस्थ मघापासून उभे होते. त्यांनी विचारले, “पलीकडे बोलायचे तर खिशातला फोन काय वाईट?” भाचा म्हणाला, “फोनवर कंपनी बोलून देते. येथे आम्हाला हवा बोलून देते, आणि तिला विचारावे लागते.” माझ्या मते हे उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे मला दुपारी कळले.

दुपारी आम्ही आत एका टेकडीवर गेलो. पश्चिमेला वीज-पावसाचा एक मोठा ढग उठला होता. मी म्हटले, “गुंडाळ आता.” भाचा हसला. त्याने तबकडीचे तोंड सरळ त्या ढगाकडे केले. दुसऱ्या टोकाला, ढगाच्या पलीकडे बसलेल्या माणसानेही तेच केले होते. दोघे एकमेकांकडे न पाहता ढगाकडे पाहून बोलत होते! ढगातले पावसाचे थेंब ही तीन सेंटीमीटरची लहर चहूकडे उधळतात, आणि त्यातला थोडा अंश पलीकडे पोचतो. आवाज घोगरा होतो, घसा बसलेल्या कीर्तनकारासारखा. पण शब्द कळतात. ज्या पावसाने इतरांची कामे अडतात, त्याच पावसाला ह्यांनी मध्यस्थ केले होते.

प्रत्येक संवादात सांगायचे असते ते फक्त आपले सांकेतिक नाव आणि आपली जागा. जागा सांगण्यासाठी हॅमांनी साऱ्या पृथ्वीचे घरांमध्ये वाटप केले आहे. १९८० साली इंग्लंडातल्या मेडनहेड गावी ह्या पद्धतीवर एकमत झाले, म्हणून तिला त्या गावाचे नाव आहे. दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश असे एक घर. स्पर्धेत त्याच्याही आतला बारीक खण सांगतात. रात्री मी भाच्याच्या नकाशावर आपला मुलूख काढला. बेळगाव, हिंडलगा, खानापूर, धारवाड, हुबळी आणि चंदगड ही सारी ‘एमके ७५’ ह्या एकाच घरात येतात. निपाणी, कोल्हापूर, सांगली, विजापूर ही सारी ‘एमके ७६’ मध्ये. पणजी, सावंतवाडी, वेंगुर्ले ‘एमके ६५’ मध्ये. ही घरे आखणाऱ्यांनी शिनोळीचा नाका कधी ऐकला नसेल, राज्य-पुनर्रचनेचा अहवालही वाचला नसेल. सीमेचा प्रश्न अशाने सुटत नाही, हे आम्हां सीमेवरच्या लोकांना कोणी सांगायला नको. तरीही चंदगड आणि हिंडलगा एका घरात लिहिलेले पाहून मला बरे वाटले, हे लपवीत नाही.

आता मघाच्या अर्ध्या उत्तराकडे येतो. हॅमांच्या वाट्याला ह्या सूक्ष्मलहरी आल्या कशा? त्याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९१२ साली अमेरिकेने बिनतारीचा कायदा केला, तेव्हा हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकलून दिले. त्या काळच्या जाणत्यांच्या मते लांब पल्ल्याला त्या निरुपयोगी होत्या. मुरमाड जमीन होती, म्हणून गरिबांना दिली. ह्या लोकांनी ती नांगरली. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकन हौशांचे संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडात ऐकू आले. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या हौशाशी दुतर्फा संभाषण झाले, तेही सुमारे शंभर मीटरांच्या लहरीवर. मुरमाड जमिनीत सोने पिकते हे जगाला कळले आणि मग सरकारे, कंपन्या, नभोवाणी-संस्था सारे लघुलहरींकडे धावले. हॅमांना त्यातल्या काही पट्ट्या राखून मिळाल्या, त्याही भांडून. पुढे सूक्ष्मलहरींच्या बाबतीत तेच घडले. ज्या पट्ट्या कोणाला नको होत्या त्यांवर हे लोक हिंडत राहिले. बहुतेक ठिकाणी दुय्यम हक्काने, म्हणजे मुख्य मालकाला त्रास न देता.

आता त्या जमिनीला भाव आला आहे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०२० साली ३३०० ते ३५०० मेगाहर्ट्झ ह्या पट्टीतला हॅमांचा दुय्यम हक्क काढून घेण्याचे ठरविले. आपल्याकडे २०२२ च्या जुलै-ऑगस्टात फाइव्ह-जी फोनांसाठी जो लिलाव झाला, त्यात ३३०० मेगाहर्ट्झपासूनची पट्टी होती. त्या साऱ्या लिलावाची रक्कम सुमारे दीड लाख कोटी रुपये झाली. येवढ्या रकमेपुढे चार हौशी माणसांच्या तबकड्यांचा काय पाड लागणार?

येथे कंपन्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. त्याच फोनवर हिंडलग्यातली आजी अमेरिकेतल्या नातवाचे तोंड पाहते. गायरानावर शाळा बांधली तर तिला वाईट कोण म्हणेल? प्रश्न एवढाच आहे, की सारेच गायरान गेले तर ज्याच्या घरी जमीन नाही त्याच्या शेळीने जावे कोठे? आज ज्याला स्वतःच्या हाताने लहर करून पाहायची आहे, चुकायचे आहे, नवे काही शोधायचे आहे, त्याला कंपनीची पट्टी उपयोगाची नाही. त्याला मोकळा माळच हवा. आणि माळ मोकळा ठेवायचा तर त्यावर जनावरे दिसली पाहिजेत. दर वर्षी स्पर्धेनंतर संवादांच्या वह्या लीगकडे जातात, तेव्हा ह्या पट्ट्या पडीक नाहीत, वहिवाटीत आहेत, ह्याचा तो लेखी पुरावा होतो. गुणांचा खेळ वरवरचा; आत ही वहिवाट आहे.

आपल्या भागाला डोंगरावरची बिनतारी काही नवी नाही. पोर्तुगिजांच्या राजवटीविरुद्ध वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्या दोघांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालविली. पुढे ती कॅसलरॉकच्या बाजूस हलली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून ती बोलत राहिली. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना ही हकीकत प्रथमच कळली. त्यांच्या लहरी निराळ्या, काम निराळे, धोका तर फारच निराळा. पण सह्याद्रीचा माथा बोलण्यासाठी वापरावा ही अक्कल तीच. कोल्हापूरकरांना तर विशाळगडच्या तोफांची १६६० सालची कथा सांगायला नको. दूरवर खूण पोचवायची तर उंची हवी, हे आपले पूर्वज जाणून होते.

हवेच्या वाटाही आपल्याकडे कमी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्याच्या दिवसांत अरबस्तानचा किनारा उमटत असे, हजार मैलांहून दूरचा! अरबी समुद्रावरचे ऊन-गार थर ही त्याची कारणे. मिशिगन सरोवर त्यापुढे तळे म्हणावे लागेल. आणि ढग म्हणाल तर चैत्र-वैशाखातल्या वळवाला आमच्या बेळगावासारखे गाव नाही. दुपारी चारला आभाळ भरून येते, विजा कडाडतात, कधी गारा पडतात. आजवर मी त्या वेळी अंगणातले वाळवण गोळा करण्यापलीकडे काही केले नव्हते.

आपल्याकडचे बहुतेक हॅम लघुलहरींवर नाहीतर गावातल्या गावात बोलतात. आपत्तीच्या वेळी त्यांचाच उपयोग होतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपात तो दिसला. सूक्ष्मलहरींचा तसा तातडीचा उपयोग नाही. पण दिशा साधणे, जमिनीचा छेद वाचणे, हवा ओळखणे आणि खरखरीतून अक्षर वेचणे ही विद्या हाताला त्यांनीच लागते. बेळगावात आणि कोल्हापुरात अभियांत्रिकीची महाविद्यालये भरपूर आहेत. गच्चीवरच्या टाकून दिलेल्या तबकड्या तर भंगारात मिळतात. परवाना मात्र आधी हवा, आणि त्यात जी पट्टी मोकळी असेल तिच्यावरच बोलायचे. त्यात कुचराई नको.

करून पाहणाऱ्यांसाठी एक बेत सुचवितो. हिंडलग्याहून निघून काहींनी देवरवाडीच्या वैजनाथाच्या डोंगरावर बसावे. हद्द ओलांडून जावे लागते, पण एस.टी.ने जाणारालाही ती ओलांडावी लागतेच. कोल्हापूरच्या मंडळींनी जोतिबाचा डोंगर गाठावा. आधी नकाशावरून मधल्या जमिनीचा छेद काढावा. वाट सरळ निघाली तर उत्तम. एखादी रांग आडवी आली तर वळवाची वाट पाहावी आणि दोघांनीही ढगाकडे तोंड करावे. दोन डोंगरांमधले अंतर नकाशावर सुमारे शंभर किलोमीटर भरते. म्हणजे त्या अमेरिकन हिशेबाने गुण होतील दोनशे : शंभर अंतराचे आणि शंभर नव्या ओळखीचे.